दूरदेशींचें दत्तक मूल

दत्तक हा शब्द उच्चारला कीं आपल्याकडील सुशिक्षित घरांतही प्रथम आठवतात त्या गोष्टी म्हणजे वतन, वंश आणि पिंडदान. सातारचें राज्य १८४८ सालीं आणि झांशीचें १८५४ सालीं खालसा झालें तें दत्तकाच्याच वादावरून, हें शाळेंत शिकलेलें कोणी विसरत नाहीं. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणें मूल दत्तक देण्याचा अधिकार त्याच्या जन्मदात्या आईबापांनाच असे. त्यामुळें ज्याला आईबापच उरले नाहींत असें पोर दत्तक जाऊंच शकत नसे. घराची गरज ज्याला सर्वांत अधिक त्यालाच दार बंद, असा हा प्रकार होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दत्तकाची जी नवी तऱ्हा जगांत रूढ झाली ती या टोंकापासून पार दुसऱ्या टोंकाला गेलेली आहे. नवराबायको हजारों मैलांचा प्रवास करून परक्या देशांत जातात; तेथें ज्याच्याशीं रक्ताचा, भाषेचा, वर्णाचा कसलाच संबंध नाहीं असें एक तान्हें मूल त्यांच्या हातांत येतें; आणि पंधरवड्यानंतर तीं तिघें एका घरचीं म्हणून परत येतात. कायद्याच्या दृष्टीनें हें नातें एका दिवसांत, दोनचार सह्यांनीं जुळतें. मुलाच्या मनांत तें जुळायला किती काळ लागतो आणि तें कशानें जुळतें, हा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि या सर्व प्रकरणांत खरें महत्त्व त्यालाच आहे.

या प्रथेनें मोठें रूप घेतलें तें कोरियांत. तेथें १९५० ते १९५३ या काळांत जें युद्ध झालें त्यांत असंख्य मुलें पोरकीं झालीं. परदेशी शिपायांपासून झालेल्या मुलांना तर त्या समाजांत थाराच नव्हता. अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानांत राहणारा हॅरी होल्ट हा शेतकरी आणि त्याची पत्नी बर्था यांना स्वतःचीं सहा मुलें होतीं. तरीही १९५५ सालीं त्यांनीं आठ कोरियन मुलें एकदम दत्तक घेतलीं, आणि त्यासाठीं अमेरिकेच्या काँग्रेसला खास कायदा करावा लागला. पुढें याच वाटेनें कोरियांतून सुमारें दोन लाख मुलें परदेशीं गेल्याचा अंदाज आहे. त्या काळीं आईबाप सहसा मुलाला आणायला जात नसत. एखादी सोबतीण विमानांत कांहीं तान्हीं मुलें सांभाळीत येई आणि विमानतळावर वाट पाहत उभ्या असलेल्या जोडप्यांच्या तीं हवालीं करी. मूल जेथें वाढलें ती जागा, तेथील वास, तेथील माणसें, यांतलें कांहींच नव्या आईबापांच्या दृष्टीस पडत नसे.

चीनच्या बाबतींत हा रिवाज बदलला. तेथें १९८० च्या सुमारास एका जोडप्याला एकच मूल असा निर्बंध आला. वंशाला दिवा हवा ही ओढ तर चिनी खेड्यांत आपल्या खेड्यांइतकीच जुनी. त्यामुळें दुसरी किंवा तिसरी मुलगी झाली कीं ती बाजाराच्या नाक्यावर, पोलीस ठाण्यापाशीं किंवा अनाथाश्रमाच्या दाराशीं रातोरात ठेवून देण्याचे प्रकार वाढले. १ एप्रिल १९९२ पासून अंमलांत आलेल्या दत्तकाच्या कायद्यानें परदेशी लोकांना वाट मोकळी केली. चमत्कारिक गोष्ट अशी कीं, याच कायद्यानें दत्तक घेणारा निपुत्रिक व पस्तिशी गांठलेला असावा अशी सर्वसाधारण अट घातली. आणि टाकलेली मुलगी आनंदानें पदरांत घेतली असती अशा कितीतरी चिनी कुटुंबांना ती आड आली. १९९९ सालीं ही अट कांहींशी सैल झाली. १९९२ पासूनच्या तीन दशकांत १ लाख ६० हजारांहून अधिक चिनी मुलें परदेशीं गेलीं, त्यांतलीं निम्मीं एकट्या अमेरिकेंत. २००५ या एका वर्षांत तेथें गेलेल्या चिनी मुलांची संख्या ७,९०० च्या घरांत होती. मूल ताब्यांत घ्यायला नव्या आईबापांनीं चीनमध्यें जातीनें आलें पाहिजे, असा तेथील नियम होता.

प्रवासाची तयारी घरींच सुरू होई, आणि ती वर्षभर, कधीं त्याहूनही अधिक चाले. समाजसेविका घरीं येऊन जोडप्याची कसून चौकशी करी. उत्पन्न, प्रकृति, लग्नाचा दाखला, बोटांचे ठसे, ओळखीच्या माणसांचीं शिफारसपत्रें, सारें कागदावर येई. हें बाड बीजिंगला पोंचलें म्हणजे तेथील सरकारी दत्तक-केंद्र त्यावरून मूल नेमून देई. मग एक दिवस एक लहानसें छायाचित्र आणि त्यासोबत वजन, उंची व डॉक्टरी तपासणी यांचा एखादा कागद हातीं पडे. छायाचित्र भिंतीवर लागे, पाळणा येई, नांव ठरे. आईबापांचा जीव त्या चित्रावर जडे आणि तें साहजिकच होतें. परंतु तिकडे दूरच्या पाळण्यांत निजलेल्या जीवाला याची कांहींच वार्ता नसे.

दहाबारा कुटुंबांचा मेळा दुभाष्यासह त्या त्या प्रांताच्या राजधानींत उतरे. अनाथाश्रमाला द्यावयाची सुमारें तीन हजार डॉलरांची देणगी कोऱ्या करकरीत नोटांच्या रूपानें कमरेच्या पट्ट्यांत बाळगलेली असे. सरकारी कचेरींत किंवा हॉटेलांत एकेका मुलीचें नांव पुकारलें जाई, दाई पुढें येई, आणि दोन मिनिटांत मूल या हातांतून त्या हातांत जाई. दुसऱ्या दिवशीं बहुधा नोंद पक्की होई. पासपोर्ट होईपर्यंत आठवडाभर थांबून मंडळी दक्षिणेकडे कँटन ऊर्फ ग्वांगझौ शहरीं जात, कारण अमेरिकन वकिलातींतून या मुलांचा व्हिसा मिळे तो तेथेंच. पर्ल नदीच्या कांठच्या शामिएन बेटावर १९८३ सालीं उघडलेलें ‘व्हाइट स्वान’ नांवाचें मोठें हॉटेल वर्षानुवर्षें या कुटुंबांनीं गजबजलेलें असे. भोंवतालच्या दुकानांत मुलांचे रेशमी झबलेटोपडे टांगलेले असत, आणि हॉटेलांतल्या तांबड्या कोचावर सगळ्या मुलींना रांगेनें बसवून छायाचित्र काढणें हा तर एक संस्कारच होऊन बसला होता. वकिलातींत आईबाप हात वर करून, आपण दिलेली माहिती खरी आहे अशी शपथ घेत. फेब्रुवारी २००१ मध्यें अंमलांत आलेल्या कायद्यामुळें अशीं मुलें अमेरिकेंत पाऊल ठेवतांच तेथलीं नागरिक होऊं लागलीं.

या कुटुंबांत एक चिनी कथा फार प्रिय झाली. ज्यांची गांठ पडायची असते त्यांना विधात्यानें अदृश्य अशा तांबड्या धाग्यानें आधींच बांधलेलें असतें, अशी ती कथा. मूळ चिनी कथेंत मात्र चांदण्यांत बसलेला म्हातारा त्या धाग्यानें भावी नवराबायकोचे पाय बांधतो. तिचा विषय लग्नाच्या गांठी. परदेशी आईबापांनीं ती मुलांकडे वळवून घेतली. त्यांत गैर कांहीं नाहीं. पण धाग्याचें एक टोंक जन्मदात्रीच्या हातांतही असलें पाहिजे, याचा त्या गोड कथेंत सहज विसर पडतो.

आतां हाच हस्तांतराचा प्रसंग मुलाच्या बाजूनें पाहावा. नऊदहा महिन्यांची पोर. चिनी भाषेंत मावशीच्या नात्याच्या बाईला ‘आयी’ म्हणतात, आणि अनाथाश्रमांतल्या दाईलाही तेंच नांव. मराठी कानाला तो शब्द क्षणभर चकवितो, आणि त्या चकण्यांत थोडेंसें तथ्यही आहे. कारण ज्या बाळाला आई ठाऊक नाहीं त्याचें सारें जग ही आयीच असते. तिचा आवाज, तिच्या कपड्यांचा वास, दुधाची ठराविक चव, शेजारच्या पाळण्यांतलीं मुलें, एवढ्यावर तें बाळ जगत आलेलें असतें. तें सगळें एका दुपारीं नाहींसें होतें. समोर अपरिचित रंगाचे डोळे, दाढी वाढलेला पुरुषाचा चेहरा, न कळणारी भाषा. नव्या आईबापांच्या आयुष्यांतला अत्यंत सुखाचा क्षण आणि त्या बाळाच्या आयुष्यांतला दुसरा मोठा वियोग हे एकाच घटकेला घडतात. कांहीं मुलें तासन् तास आकांत करतात. कांहीं मुळींच रडत नाहींत. शून्य नजरेनें पाहत राहतात, अवेळीं गाढ झोंपतात, खायला दिलें तरी तोंड उघडत नाहींत. ‘किती शहाणी आहे, रडलीसुद्धां नाहीं’ असें पाहणारे कौतुकानें म्हणतात. जाणत्यांना मात्र रडणाऱ्या मुलाविषयीं अधिक भरंवसा वाटतो. जें हरवल्याबद्दल रडतें त्याला कोणावर तरी जीव लावतां आलेला असतो, आणि ज्याला एकदां जीव लावतां आला त्याला तो पुन्हां लावतां येतो.

हें ज्ञान जगाला फार जुन्या काळापासून होतें असें नाहीं. दूध देते म्हणून मूल आईला चिकटतें, असेंच शास्त्रज्ञही समजत. इंग्लंडांतील जॉन बोल्बी या मनोवैद्यानें १९५१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत, मायेचें माणूस हिरावलें गेल्यानें बालकाच्या मनाची हानि होते, हें ठासून मांडलें. त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसन यानें रुग्णालयांत एकटीं ठेवलेलीं मुलें पाहून तीन अवस्था नोंदल्या: आधीं आकांत, मग हताशपणा, आणि शेवटीं वरवर शांत दिसणारी अलिप्तता. त्या काळच्या परिचारिका या तिसऱ्या अवस्थेलाच ‘मूल रुळलें’ असें म्हणत! अमेरिकेंत हॅरी हार्लो यानें १९५८ सालीं प्रसिद्ध केलेले माकडांच्या पिलांचे प्रयोग सर्वश्रुत आहेत. तारेची आई दूध देई, कापडाची देत नसे. पिलें दूध पिण्यापुरतीं तारेकडे जात आणि बाकीचा वेळ कापडाला बिलगून बसत. मेरी एन्सवर्थ या विदुषीनें आफ्रिकेंतील युगांडांत घरोघर बसून आयांचें निरीक्षण केलें, आणि मुलाच्या खुणा ओळखून त्यांना वेळेवर उत्तर देण्यावर पुष्कळ अवलंबून आहे, असें तिला आढळलें.

या उत्तर देण्यांतच सगळें मर्म आहे. मूल रडतें, कोणी तरी येतें, भूक किंवा भीति शमते; पुन्हां रडतें, तेंच माणूस पुन्हां येतें. असें शेंकडों वेळां घडलें म्हणजे मुलाच्या मनांत त्या माणसाची जागा पक्की होते. गर्दीच्या अनाथाश्रमांत दाई कितीही प्रेमळ असली तरी तिचे हात दोनच. कांहीं ठिकाणीं दुधाची बाटली उशीला टेकवून ठेवावी लागे. रडून कोणी येत नाहीं हें कळलें कीं मूल रडणें सोडतें. तेव्हां नव्या आईला प्रथम करावें लागतें तें हेंच, कीं मुलाला पुन्हां रडायला शिकवायचें, आणि रडलें कीं धांवायचें. ‘लाडावून ठेवाल’ हा वडीलधाऱ्यांचा इशारा येथें लागू पडत नाहीं.

यासाठीं कांहीं साधे उपाय अनुभवानें ठरत गेले आहेत. आश्रमांतलें मुलाचें दुपटें मागून आणावें आणि कांहीं दिवस धुऊं नये, कारण त्याच्या अंगाला ओळखीचा वास तेवढाच उरलेला असतो. दूध आधीं जें मिळत होतें तेंच चालूं ठेवावें. बाटली मुलाच्या हातांत न देतां कुशींत घेऊन, नजरेला नजर देऊन पाजावें. रात्रीं त्याला हांकेच्या अंतरावर निजवावें. मुख्य म्हणजे पहिले कांहीं आठवडे भरविणें, न्हाऊं घालणें, निजविणें हें आईबापांखेरीज कोणीं करूं नये. आजीआजोबांना ही अट फार कठीण वाटते, आणि त्यांचा हिरमोड समजण्यासारखा आहे. विमानतळावर फुलें घेऊन आलेल्या आजीला नातवंड घेऊं द्यायचें नाहीं म्हणजे काय! परंतु ज्या बाळानें आजवर पाळीपाळीनें बदलणाऱ्या हातांतच दिवस काढले, त्याला ‘हीं दोन माणसें आतां बदलणार नाहींत’ हें कळायला दुसरा उपाय नाहीं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलींत सव्वा महिना जो एकांत पाळीत, त्यांत सोवळेओवळें पुष्कळ असलें तरी आई आणि मूल यांना एकमेकांची संवय होण्यास सवड मिळे. दत्तक मुलाच्या घरांत तसाच सव्वा महिना मुद्दाम निर्माण करावा लागतो.

एका गोष्टीनें नवखे आईबाप हमखास फसतात. मूल भेटेल त्याच्याकडे हंसत जातें, कोणाच्याही कडेवर बसतें, आणि तें मोकळ्या स्वभावाचें आहे असें वाटून सगळे खूष होतात. खरें तर अशा वेळीं त्याला अजून कोणीच आपलें वाटत नसतें. पुढें केव्हां तरी तें परक्याला पाहून आईच्या खांद्यांत तोंड खुपसतें, ती खोलींतून बाहेर गेली कीं किंचाळतें, पडलें तर भोंवतालच्या दहा माणसांतून तिलाच शोधतें. ज्या दिवशीं हें त्रासदायक वर्तन सुरू होतें त्या दिवशीं काम फत्ते झालें असें समजावें.

आईबापांच्या मनाची गोष्टही सरळ नसते. वर्षानुवर्षें वाट पाहिली, कर्ज काढून प्रवास केला, आणि हातांत आलेलें मूल तोंड फिरवितें. बहुधा तें दोघांपैकीं एकाला धरतें आणि दुसऱ्याला जवळ येऊं देत नाहीं; ज्याला नाकारलें जातें त्यानें तें निमूटपणें गिळायचें असतें. रात्रीची झोंप नाहीं, मुलूख परका, आणि ज्या प्रेमाच्या पुराची अपेक्षा होती त्याऐवजीं मनांत भीति, थकवा, कधीं कधीं चक्क पश्चात्ताप. बाळंतपणानंतर कांहीं स्त्रियांना जशी खिन्नता येते तशीच दत्तकानंतर स्त्रीपुरुष दोघांनाही येऊं शकते, हें अलीकडे वैद्यांनीं मान्य केलें आहे. परंतु ‘एवढें पुण्याचें काम केलेंत’ असें सगळें जग म्हणत असतांना आपल्याला हें मूल अजून आपलें वाटत नाहीं असें बोलायचें कोणाजवळ? म्हणून पुष्कळ जण तें बोलतच नाहींत आणि स्वतःला दोष देत बसतात. माया ही येथें आधीं मनांत उपजून मग हातांत उतरते असें नाहीं. पुष्कळदां हातांनीं रोजची सेवा करतां करतां ती मागून येते, आणि तिला उशीर झाला म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाहीं.

मुलाच्या बाजूनें मात्र उशिराला मोठी किंमत आहे. याचा पुरावा रुमानियांतून मिळाला. १९८९ सालीं चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हां तेथील कोंदट आश्रमांत हजारों मुलें सांपडलीं, आणि पाश्चात्य देशांतलीं जोडपीं तिकडे धांवलीं. इंग्लंडांत दत्तक आलेल्या अशा १६५ मुलांचा मायकेल रटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं अनेक वर्षें पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आंत आश्रमांतून सुटलेलीं मुलें बहुतेक इतर मुलांसारखींच वाढलीं. त्याहून अधिक काळ तेथें राहिलेल्यांपैकीं बऱ्याच जणांत कांहीं अडचणी मोठेपणींही टिकून राहिल्या. तरी निराश होण्याचें कारण नाहीं. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २००९ सालीं केलेल्या पाहणींत, वर्षाच्या आंत दत्तक गेलेल्या मुलांचें आईबापांशीं नातें पोटच्या मुलांइतकेंच सुरक्षित आढळलें; आणि त्यानंतर गेलेल्यांचेंही आश्रमांत राहिलेल्या मुलांपेक्षां पुष्कळ चांगलें.

या सुखाच्या कथेला एक काळी बाजूही आहे आणि ती झांकून चालणार नाहीं. मुलामागें देणगी मिळते हें ठरलें कीं मुलें मिळविण्याचा धंदा सुरू व्हायला वेळ लागत नाहीं. हुनान प्रांतांत २००५ सालीं तान्हीं मुलें विकत घेऊन आश्रमांना पुरविण्याचें प्रकरण उघडकीस आलें आणि पुढच्या वर्षीं आरोपींना शिक्षा झाल्या. अशा मुलांच्या कागदांवर ‘टाकून दिलेली’ असेंच लिहिलेलें होतें. कोरियाच्या सत्यशोधन आयोगानें २०२५ सालीं, जुन्या काळीं मुलें परदेशीं पाठवितांना खोटे दाखले तयार झाले आणि सरकारनें डोळेझांक केली, असा निष्कर्ष दिला. चीननें २०२४ सालीं, अगदीं जवळच्या नात्यांतलीं मुलें सोडून, परदेशी दत्तक बंदच करून टाकलें.

आपला देश या कथेंत मुलें देणाऱ्यांच्या पंक्तींतला आहे. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनीं परदेशीं जाणाऱ्या मुलांबाबत होणाऱ्या गैरप्रकारांविषयीं सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलें. त्यालाच अर्ज मानून न्यायमूर्ति भगवती यांनीं ६ फेब्रुवारी १९८४ रोजीं जो निर्णय दिला त्यानें या व्यवहाराला प्रथम शिस्त लावली. पुढें १९९० सालीं मध्यवर्ती दत्तक संस्था निघाली, आणि १९९३ च्या हेग येथील आंतरराष्ट्रीय कराराला भारतानें २००३ सालीं मान्यता दिली. आधीं देशांतलें घर शोधावें, तें न मिळाल्यास परदेश, हें त्याचें सूत्र. परदेशांत स्थायिक झालेल्या भारतीय नागरिकांना हल्लीं देशांतल्या कुटुंबांबरोबरीनें धरतात. त्यामुळें अमेरिकेंतलें एखादें मराठी जोडपें महाराष्ट्रांतल्या संस्थेंतून मूल न्यायला येतें तेव्हां, वाट उलट असली तरी, रात्रीचें रडणें आणि दुपट्याचा वास यांचा धडा त्यांनाही तोच. फार पूर्वीं येथून परदेशीं गेलेलीं मुलें आतां मोठीं होऊन आपलें मूळ शोधायला येतात. अठरा वर्षें पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला अशी माहिती स्वतः मागण्याची मुभा नियमांत आहे, जन्मदात्रीचें नांव गुप्त राखण्याचा हक्क संभाळून.

चीनमधून गेलेल्या मुलीही आतां विशी-तिशींत आहेत. त्यांच्यासाठीं शोधाला एक विलक्षण साधन उरलें आहे. टाकलेलें मूल सांपडलें कीं आईबापांना हक्क सांगतां यावा म्हणून त्याची जाहिरात प्रांतांतल्या वर्तमानपत्रांत छापावी आणि साठ दिवस वाट पाहावी, असा तेथें नियम होता. टिकिटाएवढें छायाचित्र, सांपडल्याची जागा व तारीख, अंदाजानें धरलेला जन्मदिवस, आणि आश्रमानें ठेवलेलें नांव, एवढाच त्यांत मजकूर असे. जुन्या वर्तमानपत्रांतून हीं कात्रणें काढून देणारी माणसें निघालीं, आणि कितीतरी अमेरिकन घरांत तीं आज लग्नाच्या छायाचित्रांशेजारीं जपून ठेवलेलीं आहेत. कारण पुष्कळ मुलींचें सर्वांत पहिलें छायाचित्र तेवढेंच आहे.